आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे

आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे (२२ मे १८२८ – २० जुलै १८७०) हे जर्मन नेत्रशल्यविशारद होते. काचबिंदूवरील पहिल्या परिणामकारक शस्त्रक्रियेचे श्रेय त्यांना दिले जाते. नेत्रवैद्यक ही सर्वसाधारण शल्यचिकित्सेची उपशाखा न राहता स्वतंत्र विद्याशाखा झाली, यातही त्यांचा वाटा मोठा आहे.

जीवन

ग्रेफे यांचा जन्म बर्लिन येथे झाला. वडील कार्ल फर्डिनांड हे नामांकित शल्यविशारद होते. आल्ब्रेख्ट बारा वर्षांचे असताना ते निवर्तले. १८४७ मध्ये आल्ब्रेख्ट यांनी वैद्यकातील डॉक्टरेट संपादन केली. पुढे प्राग, पॅरिस, व्हिएन्ना व लंडन येथे त्यांनी अध्ययन केले. प्राग येथे आर्ल्ट यांच्या सहवासात ते नेत्रविद्येकडे वळले. बर्लिनला परतल्यावर त्यांनी स्वतःचे नेत्ररुग्णालय काढले व तेथे गोरगरिबांवर विनामूल्य उपचार केले. १८५४ मध्ये त्यांनी नेत्रवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले. आर्ल्ट व डच शास्त्रज्ञ दोंडर्स लवकरच त्याच्या संपादनात सहभागी झाले.

काचबिंदूवरील कार्य

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्स यांनी नेत्रदर्शक (ऑफ्थॅल्मोस्कोप) या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. तोपर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याची सोय नव्हती. डोळा बाहेरून निरोगी आणि दृष्टी मात्र गेलेली, अशा रुग्णापुढे वैद्य निरुत्तर होत असे. ग्रेफे यांनी हे उपकरण तत्काळ स्वीकारले. काचबिंदूत दृष्टिचेतेचे टोक पुढे फुगलेले असते, असे त्यांना प्रथम वाटले. ते वस्तुतः आत खचलेले असते हे ध्यानात येताच त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले. ही दुरुस्ती किरकोळ नव्हती, कारण आतील दाबाने चेता खचते ही कल्पना तिच्यामुळे बळावली.

तीव्र काचबिंदूत डोळा लाल होतो, असह्य वेदना होतात आणि थोड्याच काळात दृष्टी जाते. त्यावर इलाज नाही अशीच त्या काळी समजूत होती. परितारिकेचा (बुबुळातील रंगीत पडद्याचा) लहान तुकडा कापून काढल्यास दाब उतरतो, असे ग्रेफे यांना आढळले. १८५७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. दाब नेमका का उतरतो, याचा उलगडा बऱ्याच काळाने झाला. सावकाश वाढणाऱ्या काचबिंदूत मात्र या शस्त्रक्रियेचा लाभ मर्यादितच ठरला. या रोगात गेलेली दृष्टी परत येत नाही, शिल्लक असलेली राखता येते. त्यामुळे रुग्ण किती लवकर येतो यावर सारे अवलंबून असे. आजही ते तसेच आहे.

इतर कार्य

मोतीबिंदू काढण्यासाठी त्यांनी अरुंद पात्याची सुरी तयार केली. तिने घेतलेला छेद नीट मिटत असल्याने शस्त्रक्रियेनंतर पू होऊन डोळा गमावण्याचे प्रमाण घटले. मेंदूतील गाठीमुळे दृष्टिचेतेला येणारी सूज त्यांनी वर्णिली. अवटुग्रंथीच्या विकारात खाली पाहताना वरची पापणी मागे राहते. हे लक्षण त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

अखेर

१८६१ पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली. १८६६ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. परंतु क्षयाने वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८८२ मध्ये बर्लिनमधील शारिटे रुग्णालयाच्या परिसरात त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यांनी सुरू केलेले नियतकालिक आजही प्रसिद्ध होते.