घर कुणी पाहिलं?

इरावती कर्वे यांचं नाव निघालं की पुण्यातली जुनी मंडळी आधी त्यांच्या स्कूटरबद्दल बोलतात. बाईमाणसाने स्कूटर चालवावी याचं त्या काळी अप्रूप होतं. पण त्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, बाईंच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, हे त्यांचे यजमान दिनकरराव पाहत. मला स्कूटरपेक्षा याचंच नवल अधिक.

ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या इरावतीबाई महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या. डॉक्टरेटसाठी त्यांनी बर्लिनला जायचं ठरलं, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या सासऱ्यांनाच ते रुचलं नाही! दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. त्यांनी जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं आणि बायकोला धाडलं.

परतल्यावर १९३१ ते १९३६ बाईंनी महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला. नोकरी मानाची खरी, पण फायलींत त्यांचा जीव रमला असेल असं मला वाटत नाही. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. गावोगाव हिंडून माणसं मोजायची, नातीगोती लिहून घ्यायची, हे त्यांचं खरं काम. घरी तीन मुलं होती.

बँकेत असताना माझी बदली दौंड तालुक्यातल्या राहूला झाली होती. राहू बेट म्हणजे ऊस आणि गुऱ्हाळं. मी शनिवारी घरी जायचो. मुलांकडे कोण बघतं, असं तिथे मला एकदाही कुणी विचारलं नाही. शेजारच्या शाखेतल्या बाईंना मात्र तो प्रश्न साहेबापासून शिपायापर्यंत सगळे विचारत. त्यांनी पुढची बढती नाकारली. काम त्यांना आवडत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांच्या हिशेबाला चुका नसत.

आम्हा पुरुषांना जे न मागता मिळतं, ते इरावतीबाईंना मिळालं. देणारा माणूसही काही रिकामा नव्हता. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य होते. त्यांनी तोल कसा सांभाळला, हे बहुधा त्यांनाही कुणी विचारलं नसेल.

१९६८ साली 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी पुस्तकरूपाने आली. ११ ऑगस्ट १९७० रोजी बाई गेल्या. कोयनेच्या त्या पुस्तकावर आईच्या नावाशेजारी थोरल्या लेकीचं, जाई निंबकरांचं नाव आहे.