१९१८ च्या महासाथीत न्यूयॉर्कच्या शाळा उघड्या ठेवायला लावणाऱ्या डॉ. जोसेफिन बेकर

कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हाचं दृश्य आठवून बघा. पहिली-दुसरीतली मुलं, पाठीवर दप्तर, तोंडावर मास्क आणि तो मास्क दर पाच मिनिटांनी नाकाखाली घसरलेला. फाटकाशी कपाळावर तापमापक रोखून उभे असलेले शिक्षक. मुलांना पाठवायचं की घरीच ठेवायचं, यावरून घराघरांत वाद झाले. एवढ्या लहान मुलांनी मास्क लावावा का, यावर तर जगभर भांडणं झाली.

हा प्रश्न नवा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, न्यूयॉर्क शहरापुढे तो याहून बिकट रूपात उभा होता. शाळेत जाणारी मुलं होती सुमारे दहा लाख. लस नाही, अँटिबायोटिक नाही, आजार नेमका कशामुळे होतो हेही कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेतली बहुतेक मोठी शहरं शाळांना टाळं लावत होती. न्यूयॉर्कने लावलं नाही. त्या निर्णयामागे एका डॉक्टर बाईंचा हट्ट होता. त्यांचं नाव सारा जोसेफिन बेकर. (याच नावाची पॅरिसमध्ये गाजलेली नर्तकी वेगळी. दोघींची गल्लत नेहमी होते.)

बेकर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या हडसन नदीकाठच्या गावातला. घर खाऊन-पिऊन सुखी, वडील वकील. गावातच वासर हे मुलींचं नामांकित कॉलेज होतं, आईही तिथेच शिकलेली, तेव्हा मुलगीही तिथेच जाणार हे ठरल्यासारखं होतं. पण त्या सोळा वर्षांच्या असताना वडील टायफॉइडने गेले. घरचं उत्पन्न थांबलं. पोटापाण्याचं काहीतरी बघायला हवं म्हणून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि त्यासाठी घरच्या शिलकीतला मोठा हिस्सा मागून घेतला. नातेवाइकांना हे वेड वाटलं.

न्यूयॉर्कमधल्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथे एक गंमत झाली. सगळ्या शिक्षणात त्या एकाच विषयात नापास झाल्या आणि तो विषय होता निरोगी मुलाची वाढ. आजारी मुलाबद्दल शिकणं समजू शकतं, पण ठणठणीत मुलाबद्दल काय शिकायचं, असं वाटून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. परत परीक्षा द्यायची म्हणून झाडून सगळं वाचून काढलं आणि त्यातच त्यांना गोडी लागली. पुढचं सगळं आयुष्य त्याच विषयात गेलं.

दवाखाना टाकला, पण चालेना. १९०१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात अर्धवेळ वैद्यकीय निरीक्षकाची नोकरी धरली. पगार महिन्याला ३० डॉलर. काम काय, तर रोज तासाभरात तीन-चार शाळांमध्ये जायचं आणि शिक्षकांनी बाजूला काढलेली मुलं बघायची. डोळे आलेली, खरूज झालेली, डोक्यात उवा झालेली मुलं घरी पाठवायची की निरीक्षकाचं काम संपलं. घरी गेलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हे कुणी बघत नव्हतं. ते रस्त्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत बसायचं आणि आजार तसाच फिरत राहायचा.

हे चित्र बदललं ते शाळेत परिचारिका आल्यावर. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून काही शाळांमध्ये नेमण्यात आलं. मुलाला हाकलायचं नाही, शाळेतच मलमपट्टी करायची, गरज पडली तर घरी जाऊन आईला समजावून सांगायचं. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे घरी पाठवलेल्या मुलांची संख्या दहा हजारांवर होती, ती वर्षभरात अकराशेच्या आसपास आली. शाळा म्हणजे रोग पसरण्याची जागा, हा समज मोडायला इथून सुरुवात झाली. रोग वेळेत सापडण्याचीही ती जागा होऊ शकत होती. १९१८ मध्ये बेकर यांनी जे केलं त्याचं मूळ इथे आहे.

पण पालकांचा विश्वास एवढ्याने मिळत नाही. जून १९०६ मध्ये लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत काही शाळकरी मुलांच्या नाकामागच्या वाढलेल्या गाठी शाळेतच शस्त्रक्रिया करून काढल्या गेल्या. वस्तीत अफवा उठली की शाळेत डॉक्टर मुलांचे गळे चिरतायत. रशियातल्या ज्यूविरोधी कत्तलींतून जीव वाचवून आलेली ही माणसं. हजारो आया शाळांवर चालून गेल्या, काचा फोडल्या, मुलांना ओढून बाहेर काढलं. त्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण आपल्या मुलाच्या शरीराला कोण हात लावतंय हे आईला कुणी तिच्या भाषेत सांगितलंच नव्हतं.

याच काळात बेकर यांना उन्हाळ्यात आजारी तान्ही बाळं शोधायला वस्त्यांमध्ये पाठवलं जायचं. पाचव्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोल्या, दूध नासलेलं, बाळ जुलाबाने सुकलेलं. त्यांच्या आत्मचरित्रातल्या हिशोबानुसार उन्हाळ्यात शहरात आठवड्याला दीड हजार बाळं दगावत होती. आजारी बाळ वाचवायला गेलं तर उशीर झालेला असतो, तेव्हा ते आजारीच पडणार नाही असं बघायला हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं.

१९०७ मध्ये त्यांच्यावर वेगळंच काम आलं. मेरी मॅलन नावाच्या आयरिश स्वयंपाकिणीला पकडायचं. हीच ती टायफॉइड मेरी. स्वतः धडधाकट, पण ती जिथे स्वयंपाक करायची तिथे माणसं टायफॉइडने पडायची. बेकर पोलिसांसह गेल्या तर मेरी मोठा काटा घेऊन अंगावर धावली आणि गायब झाली. काही तासांच्या शोधानंतर एका बंद दारात अडकलेला कपड्याचा तुकडा दिसला. रुग्णवाहिकेत ती इतकी झुंजत होती की बेकर अक्षरशः तिच्यावर बसून रुग्णालयापर्यंत गेल्या. वडील टायफॉइडने गेलेल्या मुलीच्या वाट्याला हे काम यावं, हा योगायोगच. मेरीला दोन वेळा मिळून पंचवीसहून अधिक वर्षं बेटावर एकटीला ठेवण्यात आलं. तो न्याय होता का, यावर आजही वाद होतो.

१९०८ च्या उन्हाळ्यात बेकर यांना प्रयोग करायची संधी मिळाली. शाळांना सुट्टी, म्हणजे शाळेच्या परिचारिका मोकळ्या. त्यातल्या ३० जणी घेऊन त्यांनी लोअर ईस्ट साइडचा एक भाग निवडला. जन्माची नोंद झाली की दुसऱ्या दिवशी परिचारिका दारात. बाळाला अंगावर पाजा, खिडकी उघडा, रोज अंघोळ घाला, पाच-पाच कपड्यांत गुंडाळू नका. औषध नाही, यंत्र नाही, फक्त बोलणं. उन्हाळा संपला तेव्हा त्या भागात आदल्या वर्षीपेक्षा १,२०० मृत्यू कमी झाले होते. त्याच वर्षी शहराने बाल आरोग्य विभाग काढला आणि प्रमुख म्हणून बेकर यांना नेमलं. हाताखालच्या सहा पुरुष डॉक्टरांनी बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून राजीनामे दिले. बेकर यांनी त्यांना महिनाभर थांबून बघायला सांगितलं. महिन्यानंतर कुणीच गेलं नाही. बाई असणं कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्या पुरुषी शिवणीचा कोट, ताठ कॉलर आणि टाय घालायच्या.

या विभागाची कामं बरीच. सुईणींना प्रशिक्षण आणि परवाने, स्वच्छ दुधाची केंद्रं, नवजात बाळाच्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या मेणाच्या कुप्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या शाळकरी मुलींचे वर्ग. ब्रुकलिनमधल्या काही डॉक्टरांनी तर महापौरांकडे लेखी तक्रार केली की हा विभाग मुलांना निरोगी ठेवून आमचा धंदा बसवतोय. बेकर यांना ही तक्रार म्हणजे मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी वाटली.

साथीत मुलांचं काय करायचं याची पहिली मोठी परीक्षा १९१६ मध्ये झाली, पोलिओने. शहरात नऊ हजारांवर रुग्ण, सुमारे २,४०० मृत्यू आणि त्यात बहुतेक लहान मुलं. १६ वर्षांखालच्या मुलांना आरोग्याच्या दाखल्याशिवाय शहराबाहेर सोडत नव्हते. शाळा उशिरा उघडल्या.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झा आला. आपल्याकडे मुंबईत तो जूनमध्येच बंदरावर उतरला होता आणि त्याची दुसरी, जीवघेणी लाट याच सुमाराला सुरू होत होती. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांच्यावर शाळा बंद करण्यासाठी दबाव वाढत होता. बेकर यांचं म्हणणं उलट होतं. मुलं घरी म्हणजे कुठे? शहरातली सुमारे तीन चतुर्थांश मुलं चाळवजा इमारतींत, एका खोलीत सहा-सात माणसांबरोबर राहणारी. शाळा बंद केली तर ती मुलं त्या खोलीत तरी असणार किंवा रस्त्यावर तरी. शाळेच्या इमारती मोठ्या, हवेशीर होत्या आणि तिथे रोज मुलाकडे बघणारं कुणीतरी होतं. शिवाय हा आजार जास्त करून तरुण माणसांना आणि अगदी तान्ह्यांना मारत होता. सहा ते पंधरा वयाची मुलं तुलनेने वाचत होती. कोपलंड यांना हे पटलं.

मग पद्धत ठरली. सकाळी मुलाने शाळेबाहेर घुटमळायचं नाही, थेट आपल्या वर्गात जायचं. वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकाने प्रत्येकाकडे बघायचं. कुणी शिंकत असेल, डोळे लाल असतील, तर त्याला वेगळं बसवायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. ताप असेल तर आरोग्य खात्याचा माणूस त्याला घरी पोचवणार, घरात वेगळं झोपवायला जागा आहे का ते बघणार, नसेल तर रुग्णालयात नेणार. एका वर्गाने दुसऱ्या वर्गात मिसळायचं नाही. शाळा सुटली की सरळ घर.

यात मास्क नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने जाळीच्या कापडाचा मास्क सक्तीचा केला, न लावणाऱ्यांना दंड केला, पण शाळा बंद ठेवल्या. न्यूयॉर्कने मास्कची सक्ती केली नाही आणि शाळा चालू ठेवल्या. मोठ्यांची गर्दी फोडण्यासाठी दुकानं, कचेऱ्या आणि नाटकगृहांच्या वेळा मात्र वेगवेगळ्या केल्या.

टीका भरपूर झाली. आरोग्य खात्याचेच एक माजी आयुक्त शाळा बंद करा म्हणून जाहीरपणे बोलले. कित्येक पालकांना भीती वाटत होती. आणि शहरात माणसं मरत होतीच. साथ ओसरेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये सुमारे तीस हजार बळी गेले. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर बॉस्टन आणि फिलाडेल्फियापेक्षा हे प्रमाण बरंच कमी होतं. शाळांपुरता प्रयोग यशस्वी झाला, मुलांमध्ये साथ पसरली नाही, असं बेकर यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

हे श्रेय उघड्या शाळांचं किती, हा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ४३ शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या शहरांनी शाळा आणि गर्दीची ठिकाणं लवकर आणि जास्त काळ बंद ठेवली तिथे मृत्यू कमी झाले, असं त्यात दिसलं. न्यूयॉर्कच्या बाजूने रुग्णांची सक्तीची नोंद आणि विलगीकरण लवकर सुरू होणं, या गोष्टी होत्या. २०२० मध्ये शाळा उघडा म्हणणाऱ्यांनी बेकर आणि कोपलंड यांचा दाखला दिला खरा. पण नुसत्या उघड्या दारांचा दाखला देऊन चालत नाही. १९१८ च्या न्यूयॉर्ककडे सोळा वर्षांत उभी राहिलेली शाळांतल्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची फौज होती. कोरोनाचा विषाणूही वेगळा, लक्षणं नसलेल्या मुलाकडूनही पसरणारा. सकाळी मुलाचे डोळे बघून तो सापडला नसता.

साथीच्या आदल्या वर्षी बेकर यांनी आणखी एक दार उघडलं होतं. न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात व्याख्यानं द्यायला बोलावलं. त्यांनी अट घातली की मलाही तो अभ्यासक्रम करू द्या. बायकांना प्रवेश नाही, असं उत्तर आलं, मग त्यांनीही शिकवायला नकार दिला. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा विद्यापीठ नमलं. १९१७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुढे त्यांनी तिथे पंधरा वर्षं शिकवलं.

१९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. विभाग सुरू होण्याआधी, १९०७ मध्ये, शहरात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १४४ वर्षाच्या आत मरत होती. त्या निवृत्त झाल्या तेव्हा हा आकडा ६६ वर आला होता. नंतर त्यांनी राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवर अमेरिकेचं प्रतिनिधित्व केलं, लेख लिहिले आणि १९३९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. शेवटची वर्षं कादंबरीकार आयडा वायली आणि शास्त्रज्ञ लुईस पियर्स यांच्यासोबत न्यू जर्सीत गेली. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.