मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके आणि नोबेल: कोण होत्या बार्बरा मॅक्लिंटॉक?

मक्याच्या काही कणसांत जांभळे, पिवळे आणि ठिपक्यांचे दाणे एकत्र दिसतात. या ठिपक्यांमागचं कारण बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी शोधलं. त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

बार्बरा यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. मुलगी फार शिकली तर लग्न जमणार नाही, अशी आईला भीती. वडिलांनी मात्र पाठिंबा दिला आणि बार्बरा कॉर्नेल विद्यापीठात पोहोचल्या. १९२७ मध्ये त्यांनी वनस्पतीशास्त्रात पीएचडी मिळवली. १९४५ मध्ये त्या अमेरिकेच्या जेनेटिक्स सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या.

याच काळात कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे मक्यावर काम करताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. डीएनएचे काही तुकडे जागा बदलत होते. असा तुकडा रंगाच्या जनुकात घुसला की रंग बंद. दाणा वाढत असताना तो बाहेर पडला की त्या पेशीपासून रंगीत ठिपका तयार.

जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात, असं तेव्हा मानलं जायचं. १९५१ मध्ये बार्बरा यांनी हे काम परिषदेत मांडलं, पण फारसा प्रतिसाद मिळाला नाही. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर लिहिणं जवळपास थांबवलं. संशोधन मात्र सुरूच ठेवलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. हे तुकडे कधी कधी झोपी जातात आणि काही पिढ्यांनी पुन्हा जागे होतात. पुढे कळलं, पेशी डीएनएवर मिथाइल नावाची रासायनिक खूण लावून त्यांना गप्प ठेवते.

हे फक्त मक्यापुरतं नाही. माणसाच्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग अशाच तुकड्यांपासून बनलाय. त्यातले बहुतेक मोडके आहेत, पण काही अजूनही उडी मारू शकतात. माणसासह सगळ्या सस्तन प्राण्यांमध्ये हीच मिथाइलची खूण त्यांना रोखून धरते. हा पहारा चुकला तर? १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत असाच तुकडा रक्त गोठवणाऱ्या जनुकात घुसलेला सापडला.

त्याआधी, १९७०च्या दशकापर्यंत, जीवाणूंमध्येही उड्या मारणारे तुकडे सापडले होते. १९८३ मध्ये बार्बरा यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही कुणासोबत वाटून न घेता. या विभागात असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला. १९९२ मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचं निधन झालं.