केलेब कुशिंग : सोबत नेलेला कायदा

केलेब कुशिंग यांचा जन्म १७ जानेवारी १८०० रोजी मॅसॅच्युसेट्समधील सॅलिसबरी येथे झाला. वडील जहाजमालक होते. हार्वर्डची पदवी, वकिली आणि काँग्रेसचे सदस्यत्व यानंतर १८४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी त्यांना दूत म्हणून चीनला धाडले.

कँटनच्या अमेरिकन व्यापाऱ्यांना १८२१ चा प्रसंग विसरता आला नव्हता. अमेरिकन जहाजावरील टेरानोव्हा या इटालियन खलाशावर एका चिनी स्त्रीच्या मृत्यूचा आरोप आला. चिनी अधिकाऱ्यांनी व्यापार रोखताच अमेरिकनांनी माघार घेतली आणि खलाशाला गळा आवळून देहदंड देण्यात आला. व्यापाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

३ जुलै १८४४ रोजी मकावजवळील वांगशिया येथे कुशिंग यांनी चिनी प्रतिनिधी छियिंग यांच्याशी तह केला. चीनमध्ये गुन्हा करणाऱ्या अमेरिकनाचा न्याय यापुढे अमेरिकन अधिकारी अमेरिकन कायद्यानुसार करणार होते. अफूच्या व्यापाऱ्यांना मात्र या तहाने संरक्षण नाकारले.

पुढे १८५३ ते १८५७ या काळात कुशिंग अमेरिकेचे महान्यायवादी होते. त्याच काळात, १८५४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी व्यक्तीची साक्ष अग्राह्य ठरवली. चीनमधील अमेरिकनाला स्वतःचे न्यायालय लाभले. अमेरिकेतील चिनी माणसाला साक्षीदाराचा पिंजराही मिळाला नाही. १८७४ मध्ये कुशिंग यांचे नाव सरन्यायाधीशपदासाठी सुचवले गेले, पण ते मागे घ्यावे लागले. २ जानेवारी १८७९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी मिळवलेला हक्क मात्र टिकला. चीनने तो परत मागितला, तेव्हा आपल्या मालमत्तेचे आणि करारांचे काय होईल, ही चिंता शांघायच्या विदेशी व्यापाऱ्यांना ग्रासू लागली. १९२६ च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही आधी न्यायव्यवस्था सुधारा, असाच सल्ला दिला. अखेर ११ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेने करार करून हा हक्क सोडला. तेव्हा शांघाय जपानच्या ताब्यात होते, आणि सोडण्यासारखे फारसे काही हाती उरलेही नव्हते.

परमुलखात न्याय मिळेल का, ही शंका प्रत्येक स्थलांतरिताला पडते. कुशिंग यांनी तिचे उत्तर शोधले ते यजमानाचा कायदा बाजूला सारून. त्या उत्तराची किंमत चीनने जवळजवळ शंभर वर्षे मोजली.