दुसरे मोशे : रामबाम यांचे जीवन आणि हिंदुस्थानची वाट



मोशे हे नाव नाही असे घराणे आपल्या समाजात शोधून सापडायचे नाही. कोकणात या नावाचे मुसाजी झाले, मुंबईत शाळेच्या पटावर ते मोझेस म्हणून लागले आणि इस्राएलात पाऊल ठेवल्यावर पुन्हा मोशे झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रोडने आपल्यापैकी पुष्कळांनी बसचा प्रवास केला असेल. तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते डॉ. एलिजा मोझेस आपल्याच समाजाचे आणि १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते.

जगाच्या इतिहासातही या नावाची मोठी माणसे थोडी नाहीत. पोलंडात क्राकोव येथे सोळाव्या शतकात रब्बी मोशे इसर्लिस झाले. बर्लिनचे तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन (१७२९-१७८६) सर्वांस ठाऊक आहेत. शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेले आणि यरुशलाईमच्या जुन्या तटाबाहेर वस्ती उभारणारे सर मोझेस माँटेफिओरी (१७८४-१८८५) यांचे नावही आपण ऐकून आहोत. या सर्वांनी नाव घेतले ते मोशे रब्बेनूंचे. परंतु रब्बेनूंच्या खालोखाल मान कोणाचा, असे विचाराल तर सर्व देशांचे यहुदी एकच नाव सांगतील : रब्बी मोशे बेन मैमोन. या चार शब्दांची आद्याक्षरे जुळवून लोक त्यांना रामबाम म्हणतात.

त्यांचे नाव आपण इस्राएलात रोज ऐकतो. हैफातले मोठे इस्पितळ त्यांच्या नावाचे आहे. १९८३ साली निघालेल्या हजार शेकेलच्या नोटेवर आणि पुढे १९८६ च्या एक नव्या शेकेलच्या नोटेवर त्यांचेच चित्र होते. त्या नोटा आता चलनातून गेल्या. मात्र रामबाम यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. त्यांच्या आयुष्याला जे मोठे वळण लागले ते हिंदुस्थानच्या वाटेवर, आणि म्हातारपणी त्यांनी हिंदुस्थानच्या यहुद्यांची आठवणही केली. म्हणून त्यांचे जीवन येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मोशेंचा जन्म स्पेनमधील कॉर्दोबा शहरी ११३८ च्या सुमारास झाला. जुन्या पुस्तकांत ११३५ हे साल आणि पेसाहच्या आदल्या दिवसाची तिथी दिलेली आढळते. वडील रब्बी मैमोन हे तेथील यहुद्यांचे दय्यान, म्हणजे धर्मन्यायाधीश होते. मुलाने वडिलांपाशीच शास्त्र शिकले. घरात विद्या होती, गावात सुबत्ता होती. पण ११४८ साली आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहद नावाच्या कडव्या राज्यकर्त्यांनी कॉर्दोबा घेतले. धर्म बदला, नाहीतर देश सोडा, असा त्यांचा हुकूम. त्या वेळी मोशे दहा वर्षांच्या आसपासचे होते. रब्बी मैमोन यांनी बायकामुलांसह गाव सोडले. स्पेनमध्येच दहाबारा वर्षे या गावाहून त्या गावी असे फिरण्यात गेली. पुढे ११६० च्या सुमारास हे कुटुंब मोरोक्कोतील फेझ शहरी आले.

पण फेझमध्येही राज्य त्याच अल्मोहदांचे. तेथले कितीतरी यहुदी जिवाच्या भीतीने वरवर परधर्मी झाले होते आणि घरात गुपचूप आपला धर्म पाळीत होते. अशांची तोरा आणि प्रार्थना देवाच्या दारी रुजू होणारच नाही, असे कोणा पंडिताने सांगितले. ऐन तारुण्यातील मोशेंनी त्यावर पत्र लिहून उत्तर दिले. जुलमाखाली तोंडाने दोन शब्द उच्चारलेला माणूस आपल्यातून गेला असे समजू नये. त्याने लपून पाळलेली एकेक आज्ञाही देवापाशी जमा होते. मात्र जमेल तेव्हा असा देश सोडून मोकळेपणी धर्म पाळता येईल तेथे जावे. असा त्या पत्राचा आशय होता. आपला कोण आणि परका कोण हे ठरविताना त्यांनी दार लोटून घेतले नाही. पुढेही त्यांचा हाच स्वभाव दिसतो.

११६५ साली हे कुटुंब जहाजाने अक्को बंदरी उतरले. एरेत्स इस्राएल त्या वेळी क्रूसेडर ख्रिस्ती राजांच्या ताब्यात होते. यहुदी वस्ती विरळ, उपजीविका कठीण. तरी मोशेंनी वडील, भाऊ आणि अक्कोचे याफेत बेन एलिया यांच्यासह यरुशलाईमचे आणि हेब्रोनचे दर्शन घेतले. हेश्वान महिन्यातील ते दोन दिवस आपण जन्मभर सणासारखे पाळू, असा त्यांनी नेम केला. पुढे ही मंडळी मिसर देशी गेली आणि कैरोजवळच्या फुस्तात नगरात स्थायिक झाली. थोड्याच दिवसांत वडील वारले.

आता घराची जबाबदारी दोघा भावांवर आली. धाकट्याचे नाव दावीद. तो जडजवाहिराचा व्यापार करी आणि मोठ्या भावाने निश्चिंतपणे शास्त्र लिहावे, अशी घराची घडी बसली होती. या आधारावरच ११६८ साली, तिशीच्या वयात, मोशेंनी मिश्नावरील आपली टीका पूर्ण केली. ती अरबी भाषेत परंतु हिब्रू अक्षरांत लिहिली आहे. सिद्दूरमध्ये आढळणारी विश्वासाची तेरा तत्त्वे या टीकेतूनच आलेली आहेत. ११६८-६९ च्या हिवाळ्यात क्रूसेडर सैन्याने मिसरमधील बिल्बेस शहर लुटून तेथले यहुदी कैद केले, तेव्हा त्यांच्या खंडणीसाठी वर्गणी गोळा करण्याच्या कामात मोशे पुढे होते. त्या कामी गावोगाव गेलेल्या पत्रांपैकी एक अजून शिल्लक आहे.

अशा वेळी दावीद हिंदुस्थानच्या व्यापारास निघाला. मिसरचे व्यापारी नाईल नदीने कूस गावापर्यंत जात, तेथून उंटावर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील ऐझाब बंदर गाठीत आणि मग जहाजाने एडन व मलबारकडे निघत. मिरी, मसाले, नीळ, लोखंड, कापड असा माल हिंदुस्थानातून येई. ऐझाबहून दावीदने मोठ्या भावास लिहिलेले पत्र आज केंब्रिज विद्यापीठात जपून ठेवलेले आहे. तांड्याला सोडून आपण वाळवंट पार केले, देवाने वाचविले. बंदरात निळीखेरीज घेण्याजोगा माल नाही, म्हणून समुद्रमार्गे हिंदुस्थानास जाण्याचे ठरविले आहे. तुम्ही काळजी करू नये, घरच्या मंडळीस धीर द्यावा. अशी मजकुराची रूपरेषा आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले दूरदेशी नोकरीस गेली, त्यांना असे पत्र नवे नाही.

दावीद परतला नाही. हिंदी महासागरात जहाज बुडून त्याचा अंत झाला. त्याच्यापाशी त्याचे स्वतःचे, भावाचे आणि इतरांचेही पैसे होते, ते सारे गेले. मागे विधवा आणि लहान मुलगी राहिली. मोशेंनी अंथरूण धरले. ताप आणि दुःख यांनी जवळजवळ वर्षभर ते उठू शकले नाहीत. पुष्कळ वर्षांनी त्याच अक्कोच्या याफेत यांना पत्र लिहिताना त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. दावीद आपल्या मांडीवर वाढला, तो भाऊ आणि शिष्य दोन्ही होता, त्याच्या हातचे अक्षर नजरेस पडले की काळीज पिळवटून निघते, असे त्यांनी कळविले. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण भावाचे दुःख त्याने लपविले नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. आपल्या समाजात दावीद रहाबींचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी कोकणात येऊन शब्बाथ, सुंता आणि खवले-पर असलेलेच मासे खाण्याची चाल पाहून आपल्या पूर्वजांना ओळखले आणि शास्त्र शिकविले, अशी परंपरा आहे. कोणी त्यांना कित्येक शतकांपूर्वीचे मानतात, कोणी अठराव्या शतकातील कोचीच्या रहाबी घराण्यातले. ते दावीद आपल्यापर्यंत पोहोचले. रामबाम यांचे दावीद वाटेतच गेले. नाव एक म्हणून माणूस एक, असे कोणी समजू नये.

भाऊ गेला आणि मिळकतही गेली. तोरा शिकवून पोट भरणे मोशेंना मान्य नव्हते. विद्वानाने स्वतःच्या कष्टाची भाकर खावी, हे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथातही बजावून लिहिले. तेव्हा त्यांनी वैद्यकी धरली. हळूहळू कीर्ती वाढली. सुलतान सलादिनचे वजीर अल् काझी अल् फाझिल यांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे सलादिनच्या मुलाचेही ते वैद्य झाले. दमा, विषबाधा, आहार या विषयांवर त्यांनी अरबीत पुस्तके लिहिली. मिसरच्या यहुद्यांचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले.

या सर्व व्यापातून त्यांनी दहा वर्षे खपून ११७८ च्या सुमारास मिश्ने तोरा हा चौदा खंडांचा ग्रंथ सोप्या हिब्रूत पुरा केला. सामान्य यहुद्याला कोणती आज्ञा कशी पाळावी हे एका जागी सापडावे, हा त्यामागचा हेतू. ११९० च्या सुमारास श्रद्धा आणि बुद्धी यांच्या कात्रीत सापडलेल्या विचारी माणसांसाठी मोरे नेवुखीम हा ग्रंथ त्यांनी अरबीत लिहिला. तो काहींना इतका खटकला की त्यांच्या मृत्यूनंतर फ्रान्समध्ये त्यावर बंदीचे वाद पेटले. आज त्याच ग्रंथकाराचे नाव सर्व पंथ आदराने घेतात.

त्यांचा दिवस कसा जाई हे ११९९ साली ग्रंथाचे भाषांतरकार शमुएल इब्न तिब्बोन यांना लिहिलेल्या पत्रावरून कळते. पहाटे फुस्तातहून कैरोला राजवाड्यात जायचे. दुपार कलल्यावर भुकेने व्याकूळ होऊन घरी परतावे तो अंगणात रोग्यांची दाटी, यहुदी आणि परधर्मी, श्रीमंत आणि गरीब. त्यांची क्षमा मागून दोन घास खायचे, तेवढेच चोवीस तासांतले जेवण. मग रात्रीपर्यंत रोगी तपासायचे. शेवटी थकून उताणे पडल्या पडल्या औषधे सांगायची. शब्बाथला जमात शास्त्र ऐकावयास येई.

एवढ्यातही ते पत्रांना उत्तरे देत. ओबद्या नावाच्या, बाहेरून यहुदी धर्मात आलेल्या गृहस्थाने विचारले की, प्रार्थनेत आमच्या पूर्वजांचा देव असे मी म्हणावे काय? रामबाम यांनी कळविले की, अवश्य म्हणावे. जो अब्राहामाच्या वाटेने चालतो तो अब्राहामाचाच पुत्र. आमच्यात आणि तुमच्यात काही अंतर नाही.

आता आपल्या गोष्टीकडे येऊ. आयुष्याच्या शेवटी दक्षिण फ्रान्समधील ल्युनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात रामबाम यांनी एकेका देशातील यहुदी जमातीकडे नजर टाकून कोठे किती विद्या उरली हे सांगितले. त्यात हिंदुस्थानही आहे. तेथील यहुद्यांना लिखित तोराही अवगत नाही, धर्मापैकी त्यांच्यापाशी एवढेच आहे की ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, असा त्याचा भाव. त्यात कोकणाचे नाव नाही, म्हणून ते आपलेच पूर्वज असे ठासून सांगणे बरे नव्हे. पण वाचताच शनवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनवार तेली डोळ्यांपुढे उभे राहतात, हेही खरे.

या ओळीत शिक्षणाची उणीव स्पष्ट नोंदली आहे, तिचे वाईट वाटून घेऊ नये. मोलाचे हे की, रामबाम यांनी या अडाणी, दूरच्या लोकांना यहुद्यांच्या यादीतच घातले, बाहेर ठेवले नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलात विवाहनोंदणीच्या वेळी आपल्या माणसांकडे पिढ्यांचे पुरावे मागितले गेले. आपल्या मंडळींनी यरुशलाईमला येऊन धरणे धरले आणि १९६४ साली क्नेसेटमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदीच आहेत असे जाहीर झाले. ते दिवस आठवणाऱ्यांना या जुन्या ओळीचे वजन निराळे सांगावयास नको. ज्या समुद्राने नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या सात जोडप्यांना जिवंत सोडले अशी आपली कथा आहे, त्याच समुद्राने रामबाम यांचा भाऊ नेला. तरी हिंदुस्थानचे नाव लिहिताना त्यांच्या लेखणीत कडवटपणा उतरला नाही.

१३ डिसेंबर १२०४ रोजी रामबाम यांचे फुस्तात येथे निधन झाले. त्यांचा मुलगा अब्राहाम त्यांच्यामागे जमातीचा प्रमुख झाला. परंपरेप्रमाणे त्यांना तिबेरियास येथे आणून पुरले आणि तेथे त्यांची कबर दाखविली जाते.

मंडळी, किन्नेरेथच्या सहलीला जाल तेव्हा घटकाभर त्या कबरीपाशी थांबा. आणि घरात मोशे नावाचा नातू असेल तर त्याला सांगा की, तुझ्या नावाचा एक वैद्य होता, त्याचा धाकटा भाऊ आपल्या मुलखाकडे येता येता बुडाला, आणि तरीही त्याने आपल्या मुलखातल्या यहुद्यांना आपले म्हटले. मराठीत सांगा किंवा हिब्रूत सांगा, पण सांगा. इतकेच आमचे मागणे आहे.