कोकणकड्यावरचे गोल इंद्रधनुष्य

मुलांनो, कमानीसारखे इंद्रधनुष्य तुम्ही पाहिले असेल. पण पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिले आहे का?

आपल्या नाशिकहून घोटी, राजूर ओलांडून गेले की हरिश्चंद्रगड लागतो. त्याच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला हा कडा मधून आत गेलेला आहे. खाली पाहिले की डोळे फिरतात. डोंगरातल्या लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. तेथे आलेल्या एका इंग्रजाने मात्र जे पाहिले ते लिहून ठेवले. त्यांचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० साली झाला. १८०३ साली, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले. पुढे खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांची परीक्षा ते पास झाले होते. मराठी अवघड आहे, अशी तक्रार तुम्ही वर्गात करता. साइक्स यांना तर दोन्ही भाषा परक्या होत्या!

१८२४ साली मुंबई सरकारने त्यांना दख्खनची पाहणी करायला नेमले. गावे, पिके, पाऊस, पक्षी, मासे, सगळ्याची त्यांनी नोंद केली. १८२९ मध्ये ती जागाच रद्द झाली. तरी साइक्स यांनी काम अर्धवट सोडले नाही. ते पुरे करून १८३१ मध्ये ते विलायतेला गेले.

याच भटकंतीत ते कोकणकड्याच्या काठावर उभे होते. समोरची दरी धुक्याने भरली होती. धुके काठाच्या थोडे वर आले होते, पण पठारावर येत नव्हते. सूर्य पाठीमागे, अगदी खाली होता. एवढ्यात धुक्यावर रंगीत गोल उमटला. अर्धा त्यांच्या पायांच्या वर, अर्धा खाली. आणि गोलाच्या मधोमध ते स्वतः, त्यांचा घोडा आणि बरोबरची माणसे यांच्या सावल्या! माणसे घाबरली. या आपल्याच सावल्या, हे त्यांना पटेना. मग त्यांनी हातपाय हलवून पाहिले. सावल्यांनीही तसेच केले. भीती जायला थोडा वेळ लागला. साइक्स यांनी मात्र उभ्या उभ्या अंदाज केला: गोलाची रुंदी पन्नास-साठ फुटांहून जास्त नसावी.

सपाटीवर इंद्रधनुष्याचा खालचा भाग जमिनीमुळे दिसत नाही. कड्यासमोर जमीनच नाही, म्हणून गोल पुरा दिसतो. त्याचा मध्य म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याची सावली. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे गोल वेगवेगळे असतात. आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात.

ही हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापली. पुष्कळ लोक तेच साल पाहणीचे समजतात, ते चूक आहे. पुढे साइक्स कंपनीचे संचालक झाले, पार्लमेंटात निवडून आले. १८७२ साली लंडनमध्ये ते वारले. दख्खनच्या माळावर गाणाऱ्या एका चंडोलाला पक्षीशास्त्रात आजही त्यांचे नाव आहे.