थंडीच्या मागे लागलेला शास्त्रज्ञ : कामर्लिंग ओनेस

आपल्या भित्तिपत्रकात नेहमी आपल्या देशातल्या थोर माणसांची चरित्रे येतात. या वेळी मी हॉलंडमधल्या एका शास्त्रज्ञाची माहिती लिहीत आहे. त्यांचे नाव हाइके कामर्लिंग ओनेस. नाव जरा अवघड आहे, पण दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं की जमतं.

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी ग्रोनिंगेन या गावी झाला. वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना होता. मुलाची तब्येत नाजूक, पण अभ्यासात हुशार. १८८२ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, ते लायडेन शहरात प्राध्यापक झाले आणि पुढची सुमारे ४० वर्षे तिथेच राहिले. त्यांनी एकच ध्यास घेतला. आजवर कोणी केली नाही इतकी थंडी करायची आणि त्या थंडीत पदार्थ कसे वागतात ते मोजायचे.

थंडी कशी करतात ते आधी सांगतो. माझे बाबा उल्हासनगर कॅम्प २ मध्ये फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात काम करतात, म्हणून हे मला थोडं ठाऊक आहे. फ्रिजमध्ये थंडी भरलेली नसते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. मागच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. (जाळीला हात लावून बघा, गरम लागते.) मग तो बारीक नळीतून आत जातो, तिथे दाब कमी झाल्यावर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना तो आतल्या दुधाची, भाजीची उष्णता ओढून घेतो. ओनेस यांनी अशीच यंत्रे एकापुढे एक जोडली. पहिल्या गॅसने दुसऱ्याला थंड करायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. अशा रीतीने १८९४ पर्यंत लायडेनला हवा पातळ करून भांड्यात ओतता येऊ लागली.

आणि तेवढ्यात काम बंद पडले. त्याचे कारण जुने होते. १२ जानेवारी १८०७ रोजी लायडेनच्या कालव्यात दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटून दीडशेच्या आसपास माणसे मेली होती. सगळा भाग उद्ध्वस्त झाला होता. पुढे त्याच मोकळ्या पडलेल्या जागेवर प्रयोगशाळा बांधली गेली. आता तिथे दाबलेल्या गॅसच्या टाक्या आहेत हे कळल्यावर नगरपालिका घाबरली. चौकशी सुरू झाली आणि १८९५ ते १८९८ ओनेस यांना थंडीचे मोठे प्रयोग करता आले नाहीत. तेवढ्यात १८९८ च्या मे महिन्यात लंडनला जेम्स ड्युअर यांनी हायड्रोजन पातळ केला. ड्युअर म्हणजे ज्यांच्यामुळे आपल्याला थर्मास मिळाला तेच. ओनेस यांची तीन वर्षे गेली ती गेलीच. पण मला लोकांचं भिणं चुकीचं वाटत नाही. आपल्या भागातही कंपनीत स्फोट झाला की आपण रात्रभर झोपत नाही.

ओनेस रागावून बसले नाहीत. १९०१ साली त्यांनी यंत्रे आणि काचेची भांडी बनवायला शिकवणारी शाळा पक्की उभी केली. त्यात शिकणारी मुले निळे कपडे घालत, म्हणून गावात त्यांना निळी मुले म्हणत. शास्त्रज्ञ कितीही हुशार असला तरी नळी गळत असेल तर प्रयोग होत नाही. बाकीचे शास्त्रज्ञ आपल्या खोलीत एकटे काम करत, ओनेस यांनी मात्र अख्खा कारखानाच उभा केला. फ्लिम नावाचे कारागीर यंत्रे सांभाळत, केसेलरिंग काच फुंकत. ड्युअर यांच्याकडे असे पथक नव्हते, आणि ते मागे पडले ते मला वाटते यामुळेच.

आता एकच वायू उरला होता, हेलियम. या हेलियमचा आपल्या महाराष्ट्राशीही थोडा संबंध आहे. १८६८ च्या सुमारास सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, आणि ज्या लॉकियर साहेबांनी त्यावरून नवा पदार्थ असल्याचे ओळखले ते १८९८ च्या जानेवारीत खग्रास ग्रहण पाहायला विजयदुर्गला आले होते. पुष्कळ जण सांगतात की शोधच विजयदुर्गला लागला. तसं नाही, १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. पृथ्वीवर हेलियम १८९५ मध्ये सापडला. ओनेस यांच्या भावाने अमेरिकेतून एक प्रकारची वाळू मिळवून दिली आणि ती तापवून त्यातून हेलियम काढला.

१० जुलै १९०८. पहाटेपासून यंत्रे चालू होती. आधी पातळ हवा, मग पातळ हायड्रोजन, मग हेलियमची पाळी. ओनेस यांना जागचे हलता येईना, तेव्हा त्यांच्या पत्नीने पावाचे तुकडे त्यांना भरवले असे सांगतात. संध्याकाळ झाली तरी भांड्यात काही दिसेना. हेलियम संपत आला. तेवढ्यात बघायला आलेल्या एका प्राध्यापकांनी भांड्याला खालून उजेड देऊन बघायला सुचवले. उजेड दिला आणि पाण्यासारख्या द्रवाची कड स्पष्ट दिसली! जेमतेम चहाचा कपभर पातळ हेलियम, शून्याखाली २६९ अंश. याहून थंड जागा तेव्हा पृथ्वीवर कुठेच नव्हती.

पुढची गोष्ट ८ एप्रिल १९११ ची. तारेतून वीज जाताना तिला अडथळा होतो, म्हणून तर बल्बची तार तापते. थंडीत हा अडथळा किती उरतो ते बघायला ओनेस यांनी बारीक नळीत पारा भरून तो पातळ हेलियममध्ये ठेवला. हॉल्स्ट नावाचे तरुण शास्त्रज्ञ दुसऱ्या खोलीत मोजमाप करत होते. २६९ अंशांच्या आसपास अडथळा हळूहळू कमी न होता एकदम गायब झाला. याला अतिसंवाहकता म्हणतात. एका निळ्या मुलाला डुलकी लागली आणि त्यामुळे हे लक्षात आले, अशी गोष्ट सांगतात. छान आहे, पण ओनेस यांच्या वहीतल्या नोंदींत ती नाही.

निबंध मात्र एकट्या ओनेस यांच्या नावाने छापला गेला. १९१३ चे नोबेल पारितोषिकही त्यांनाच मिळाले, मुख्यतः थंडीच्या कामासाठी. हॉल्स्ट यांचे नाव वर यायला हवे होते असे मला वाटते. त्या काळी प्रयोगशाळेचा मुख्य असेल त्याच्याच नावाने छापायची रीत होती हे खरे, पण रीत होती म्हणून बरोबर होतं असं नाही. हॉल्स्ट पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले.

ओनेस यांनी महायुद्धाच्या काळात आणि नंतर उपाशी मुलांना अन्न मिळावे म्हणूनही खटपट केली. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते वारले. अंत्ययात्रेत गाडी भरभर चालली होती आणि म्हातारे कारागीर मागून धापा टाकत होते. मेल्यावरही साहेब आपल्याला पळवतात, अशी थट्टा त्यांनी केली असे सांगतात.

एक प्रश्न त्यांच्या मागे राहिला. अडथळा शून्य, हे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे झाले. वीज सारखी पुढे-मागे होत असेल तर? मायक्रोवेव्हच्या लहरीत ती सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलते, भट्टीत तर सुमारे २४५ कोटी वेळा. १९४० साली हाइन्झ लंडन यांनी थंड कथलावर सेकंदाला १५० कोटी वेळा बदलणारी लहर सोडली, तेव्हा थोडी उष्णता तयार झालेली आढळली. म्हणजे अडथळा पुरता गेला नव्हता.

त्याचे कारण नंतर समजले. अतिसंवाहकात बरेच इलेक्ट्रॉन जोडीने चालतात, त्यांना अडथळा नसतो. पण काही एकटे राहतात. वीज सरळ वाहत असली तर सगळे काम जोड्याच करतात, एकट्यांना कोणी हलवत नाही. लहर आली की जोड्यांनाही क्षणोक्षणी थांबून उलटे फिरावे लागते. भरलेली हातगाडी एकदम मागे वळत नाही, तसेच. तेवढ्या वेळात कातडीसारख्या पातळ थरात विजेचा जोर शिरतो, एकटे इलेक्ट्रॉन ढकलले जातात, आपटतात आणि धातू किंचित तापतो. थंडी वाढवली की एकटे कमी होतात, तापणेही कमी होते. उलट लहर फार वेगाची केली तर जोड्याच तुटतात आणि मग तो साध्या धातूसारखा वागू लागतो.

याचा उपयोग आपल्या मुंबईत झाला आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणूंचे कण जोराने पळवण्यासाठी तांब्याचे पोकळ डबे बसवले, त्यांना आतून शिशाचा मुलामा दिला. शिसे थंडीत अतिसंवाहक होते हेही ओनेस यांच्याच प्रयोगशाळेत सापडले होते. या डब्यांत सेकंदाला १५ कोटी वेळा बदलणारी रेडिओलहर सोडतात. साध्या तांब्याचे डबे असते तर बहुतेक वीज त्यांना तापवण्यातच गेली असती. शिसे अतिसंवाहक राहावे म्हणून डबे पातळ हेलियमने थंड करतात, शून्याखाली २६९ अंशांपर्यंत.